शिल्लक कोणाच्या खिशातली?

राज्याचे अंदाजपत्रक शिलकी असल्याचे जाहीर झाले की मध्यमवर्गाला हायसे वाटते. तुटीचे निघाले की तोच वर्ग सरकारच्या उधळपट्टीला दोष देतो. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांची ही प्रतिक्रिया स्वाभाविकच आहे. परंतु घरचा जमाखर्च आणि सरकारचा जमाखर्च यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वाण्याची उधारी पुढच्या महिन्यावर ढकलून उरलेल्या पैशाला कोणताही गृहस्थ शिल्लक म्हणत नाही. सरकारी हिशेबात मात्र तसे म्हणता येते. तो हिशेब रोखीच्या पायावर लिहिला जातो. ज्या वर्षी पैसा तिजोरीबाहेर पडला त्या वर्षीचा तो खर्च. देणे कोणत्या वर्षी निर्माण झाले हे तेथे विचारले जात नाही.

महाराष्ट्राचाच दाखला पाहण्यासारखा आहे. २००४-०५ मध्ये राज्याची महसुली तूट, म्हणजे नित्याच्या उत्पन्नापेक्षा नित्याचा खर्च जितका अधिक तितकी रक्कम, सुमारे १० हजार कोटी रुपयांची होती. २००६-०७ मध्ये तिची जागा सुमारे ८०० कोटींच्या शिलकेने घेतली आणि २००७-०८ मध्ये ही शिल्लक १४ हजार कोटींवर गेली. तीन वर्षांत असे काय घडले?

या यशाचा काही भाग निःसंशय कमावलेला होता. व्यापाऱ्यांचा विरोध पत्करून १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आणला गेला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हवी असेल तर पावती दाखविणे आले. त्यामुळे करचुकवेगिरीला काही प्रमाणात पायबंद बसला. त्याच काळात अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती आणि जमीन व घरे यांच्या व्यवहारांतून मुद्रांक शुल्काचे उत्पन्न फुगत होते.

दुसरा भाग दिल्लीहून आला. बाराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा एकूण वाटा २९.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर नेला. केंद्राची जुनी कर्जे एकत्र करून ती २० वर्षांच्या मुदतीने व ७.५ टक्के व्याजाने फेडण्याची सवलतही त्याने सुचविली. मात्र त्यासाठी राज्याने वित्तीय शिस्तीचा कायदा करणे आवश्यक होते. महाराष्ट्राने तो २००५ साली केला.

तिसरा भाग मात्र ना कमावलेला होता, ना मिळालेला. तो केवळ लांबणीवर टाकलेला होता. सहाव्या वेतन आयोगानुसार सुधारलेली वेतनश्रेणी राज्य कर्मचाऱ्यांना २००९ साली मिळाली. ती लागू झाली १ जानेवारी २००६ पासून. म्हणजे ज्या वर्षांत राज्याची तिजोरी शिलकी दिसत होती, नेमक्या त्याच वर्षांचे वाढीव वेतन शिक्षकांना आणि कारकुनांना द्यावयाचे राहिले होते. त्याचा फरक पुढे हप्त्याहप्त्याने चुकता झाला. २००९-१० मध्ये तूट पुन्हा अवतरली. जागतिक मंदीचा तडाखा हे तिचे एक कारण खरेच; परंतु पुढे ढकललेली देणी दारात येऊन उभी राहिली, हे दुसरे कारणही तितकेच खरे.

देणी लांबविण्याची ही एकच रीत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण वेतनाच्या शिक्षकाचे काम तीन वर्षे ठरावीक मानधनावर करून घेण्याची तीत सोय झाली. खर्च वाचला, पण त्याचा भार नव्याने नोकरीत आलेल्या तरुणांनी वाहिला. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने सरकारी हमीवर रोखे काढून धरणांसाठी पैसा उभारला. बच्छावत लवादाने दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडविण्याची घाई समजण्यासारखी होती. तथापि कर्ज महामंडळाच्या नावावर असले तरी फेडीची अंतिम जबाबदारी राज्याच्याच शिरावर होती.

याचा अर्थ शिल्लक वाईट, असा नव्हे. नित्याचा खर्च कर्जातून भागविणारे राज्य आपल्या मुलांच्या नावावर जेवत असते; त्यापेक्षा शिल्लक केव्हाही बरी. मात्र ती कोणत्या मार्गाने आली, हे तपासल्याखेरीज तिचे कौतुक करणे धोक्याचे आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. करांचे उत्पन्न टिकाऊ आहे की तेजीपुरते? रिक्त जागा, थकलेली बिले आणि न दिलेला भत्ता यांचा आकडा किती? महामंडळांच्या कर्जांना सरकारने दिलेली हमी किती? मार्चमधील अर्थमंत्र्यांच्या भाषणात या प्रश्नांची उत्तरे क्वचितच सापडतात. वर्ष उलटल्यावर येणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात ती बरीचशी असतात. पण तोवर वर्तमानपत्रांचे आणि वाचकांचे लक्ष पुढच्या अंदाजपत्रकाकडे वळलेले असते.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्याने सुमारे ४५ हजार कोटींची महसुली तूट दाखविली. ती आज ना उद्या भरून काढावी लागेल. कर बुडविणाऱ्यांकडून वसूल करून आणि अनाठायी सवलती आवरून ती भरली, तर ते अर्थव्यवस्थापन ठरेल. शाळेतील जागा रिकाम्या ठेवून आणि पगाराचा फरक अडकवून भरली, तर तूट नाहीशी होणार नाही. ती तिजोरीतून निघून कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या घरांत वस्तीला जाईल एवढेच.