निष्काळजीपणा नेमका कोणाचा?

सेप्टिक टँकमध्ये माणसं मेली की ‘गुदमरून मृत्यू’ अशी बातमी येते. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. कंत्राटदार म्हणतो, "त्रास व्हायला लागल्यावर वर यायचं ना! निष्काळजीपणा केला." आमच्या वस्त्यांना हे पाठ झालं आहे.

त्रास होतच नाही, मुद्दा हा आहे. श्वास रोखला की जीव कासावीस होतो, तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. टाकीत उतरलेला माणूस तर श्वास घेत-सोडत असतो. ऑक्सिजन संपलाय हे त्याच्या छातीला कळतच नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो ६ टक्क्यांच्या खाली गेला तर मिनिटाच्या आत शुद्ध हरपते, अगदीच नसेल तर काही सेकंदांत. अशा हवेतला प्रत्येक श्वास रक्तातला उरलेला ऑक्सिजनही बाहेर काढतो. डोकं आधी सुन्न होतं, त्यामुळे ‘वर जावं’ हा विचारच सुचत नाही. मग हातपाय गळतात, कधी झटके येतात. त्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर घाणेरडा वास येतो खरा, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि कामगाराला वाटतं वास गेला.

एरवी चक्कर आली की माणूस आडवा पडतो, मेंदूला रक्त मिळतं, तो शुद्धीवर येतो. टाकीत पडणं म्हणजे मैल्यात पडणं. चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. वाचवायला भाऊ उतरतो, मग मेहुणा. एकाच टाकीतून तीन-तीन प्रेतं निघतात ती अशी. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच करत नाही. बाहेरून हवा पुरवणारं उपकरण नसेल तर कुणीही, कार्यकर्त्यानेही, आत उतरू नये.

म्हणजे धोका ओळखायची जबाबदारी उतरणाऱ्याच्या शरीरावर टाकताच येत नाही. ती उतरवणाऱ्याचीच. २०१३ चा कायदा सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि टाकीत माणूस उतरवायला मनाई करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख भरपाई द्यायला सांगितली. तरी सरकार संसदेत हाताने मैला उचलताना कुणी मेलं नाही म्हणतं. गटारातले मृत्यू वेगळ्या रकान्यात जातात. मेलेल्यांच्या जातीला मात्र वेगळा रकाना लागत नाही.

पुढच्या वेळी पोलीस ठाण्यात आधी विचारा : उतरण्यापूर्वी वायू कुणी तपासला, त्याची नोंद कुठे आहे? नसेल, तर अकस्मात मृत्यूवर सही करू नका. २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला लावा.