विश्लेषण : लष्करी उपग्रहांची लेझर ‘भाषा’ एकच का हवी?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंचे नाव असलेल्या या केंद्राची सुमारे ३० मीटर व्यासाची डिश ‘इंटेलसॅट’च्या मानकांनुसार होती. म्हणूनच आर्वी परदेशातल्या, वेगळ्या कंपनीने उभारलेल्या केंद्रांशी बोलू शकले. आज हाच प्रश्न लष्करी उपग्रहांच्या लेझर संवादाबाबत उभा आहे.

लेझर कशासाठी?

रेडिओ लहरी खूप पसरतात. शत्रू त्या ऐकू शकतो, जाम करू शकतो. लेझरचा झोत अरुंद असल्याने तो मध्येच पकडणे कठीण असते. माहितीही जास्त वेगाने जाते. जमिनीकडे येताना ढग आडवे येतात, पण दोन उपग्रहांमध्ये ती अडचण नसते.

मानक म्हणजे काय?

सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या दोन उपग्रहांनी एकमेकांवर नेम धरायचा असतो. आधी झोत कोणी टाकायचा, तरंगलांबी किती, चुका कशा दुरुस्त करायच्या, हे आधीच ठरलेले हवे. अमेरिकेच्या स्पेस डेव्हलपमेंट एजन्सीने असे खुले मानक केले आहे. त्यात तरंगलांबी सुमारे १५५० नॅनोमीटर, तर वेग सेकंदाला २.५ गिगाबिट आहे. जानेवारी २०२५ मध्ये यॉर्क आणि स्पेसएक्स या दोन कंपन्यांच्या उपग्रहांमध्ये लेझर दुवा जुळल्याचे जाहीर झाले. मात्र तंत्र पूर्ण सिद्ध होण्याआधीच मोठी खरेदी सुरू असल्याचा इशारा तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने पुढच्याच महिन्यात दिला.

भारतासाठी महत्त्व काय?

नौदलाचा जीसॅट-७ आणि हवाई दलाचा जीसॅट-७ए हे ३६ हजार किलोमीटरवरून एकाच जागी स्थिर दिसतात. खालच्या कक्षेतला उपग्रह मात्र एका भूकेंद्रावरून काही मिनिटांतच निघून जातो. टिपलेली माहिती शेजारच्या उपग्रहाकडे सोपवता आली, तर ती लवकर पोहोचते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ५२ टेहळणी उपग्रहांना मंजुरी दिली. त्यांपैकी २१ इस्रो, तर ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. अशा ताफ्यात लेझर दुवे बसवायचे आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी, तर शेजारी असूनही उपग्रह मुके राहतील किंवा सगळा ताफा एकाच कंपनीवर अवलंबून राहील.

मानक घाईने ठरवले तर जुने तंत्र गळ्यात पडण्याचा धोका आहेच. पण उशीर जास्त महागात पडेल. कक्षेत गेलेला उपग्रह दुरुस्तीला परत आणता येत नाही.