बारा पन्नासची सावली

आज 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळाशाळांतून प्रदर्शने लागली असतील आणि एखाद्या टेबलावर थर्माकोलचा ज्वालामुखी नक्की असेल. आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर. लाल फेस उसळला की टाळ्या. शीळफाट्याच्या शाळांत तो पाहिला की जीव हळहळतो. खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर उभा आहे आणि तो खऱ्या लाव्ह्याचा आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला रस थिजून हा काळा कातळ झाला. बुलेट ट्रेनचा घणसोली ते शीळफाटा हा 4.88 किलोमीटरचा बोगदा याच भागातल्या कातळात खोदला गेला आणि 20 सप्टेंबर 2025 रोजी त्याची दोन्ही टोके एकमेकांना भेटली. फाट्यावरून रोज दगडाचे डंपर जातात. रस्त्याकडेला सांडलेला, बारीक छिद्रे असलेला एखादा खडा मुलाच्या खिशात सापडतो. ती छिद्रे लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. वर्गात मात्र त्या मुलाला ऐकावे लागते, ‘टाक तो दगड बाहेर.’

ज्यांच्या शोधासाठी हा दिवस पाळतो, त्या रामन यांना 1921 मध्ये बोटीच्या प्रवासात समुद्र इतका निळा का, हा प्रश्न पडला. तो कुठल्याही सात वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. पुढे 1928 मध्ये कोलकात्यात कृष्णन यांच्यासह त्यांनी प्रकाशाचे विकिरण पाहिले, तेव्हा सुरुवातीला हाताशी होते ते ऊन, रंगीत गाळण्या आणि स्वतःचे डोळे.

यातली पहिली आणि शेवटची गोष्ट प्रत्येक शाळेत फुकट आहे. म्हणून आजच्या दिवशी आमची एकच सूचना आहे. मैदान नसेल तर गच्चीवर, गच्चीही नसेल तर फाटकाजवळच्या चार फरशांवर एक मीटर उंचीची काठी उभी करावी. ती सरळ आहे की नाही हे कसे ठरवायचे, ते बाईंनी सांगू नये. शीळ, डायघर, पडले या भागात इमारतींची कामे कधी थांबत नाहीत. वर्गात गवंडीकाम करणाऱ्याचे एखादे मूल असतेच आणि त्याला ओळंबा ठाऊक असतो. त्या दिवशी वर्गाचे गुरुजी ते मूल. मग दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि फूटपट्टीने मोजायचे.

मुले म्हणतील, सावली बाराला सर्वांत आखूड होणार. आज ती बाराला होत नाही. बारा वाजून गेले तरी ती आखडतच जाते आणि साधारण बारा पन्नासला सर्वांत आखूड, 51 सेंटिमीटरच्या आसपास होऊन नेमकी उत्तरेकडे पडते. इथे वर्ग गप्प होतो. घड्याळ चुकले की सूर्य? भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर लावलेले आहे, आपण 73 अंशांवर राहतो आणि पृथ्वीला एक अंश वळायला 4 मिनिटे लागतात. म्हणजे 38 मिनिटांचा हिशेब लागला, उरलेल्या बारांचा नाही. हे तिसरीच्या वर्गाला लगेच सांगायचे नाही. प्रश्नाला चार दिवस मुलांसोबत घरी जाऊ द्यावे. या वयात उत्तर उशिरा मिळाले तर काही बिघडत नाही. प्रश्न मात्र एकदा दडपला की पुन्हा उठायला फार वर्षे लागतात.

आपल्याकडे तिसरी ते पाचवीच्या या विषयाला वर्षानुवर्षे ‘परिसर अभ्यास’ म्हटले गेले. नाव उत्तम आहे. पण बहुतेक वर्गांत परिसर पुस्तकातल्या चित्रात राहतो आणि अभ्यास म्हणजे रिकाम्या जागा भरणे. खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचे. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या ग्रामीण शाळांत काम उभे केले. मुले मागे पडतात ती अनेकदा विज्ञानात नव्हे, तर पुस्तकाच्या अवघड मराठीत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. पुढे याच केंद्रात जयश्री रामदास यांनी ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तके घडवली. त्यांत व्याख्यांची घाई नाही. पाहणे, करणे आणि त्याविषयी बोलणे आधी. शीळफाट्याला हे दुप्पट लागू आहे. इथल्या वर्गात आगरी घरातले मूल असते, मराठवाड्यातून आलेले असते, उत्तर प्रदेशातलेही असते. कुणी सावली म्हणेल, कुणी परछाई, शेजारच्या उर्दू शाळेत कुणी साया. खडूची खूण सर्वांची एकाच जागी पडते. तिथून सुरुवात केली तर ‘रेखावृत्त’ हा शब्द नंतर आपणहून जागेवर बसतो.

याला खर्च नाही, वेळ मात्र लागतो आणि तोच शिक्षकांकडे उरलेला नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांत अडकलेल्या बाईंनी उन्हात तासभर उभे राहावे, असे दुरून सांगणे अन्यायाचे आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आठवड्यातला एक तास प्राथमिक शिक्षकांना अशा कामासाठी मोकळा द्यावा, त्याचा अहवाल मागू नये, फोटोही मागू नयेत. आणि ‘मला माहीत नाही, बघूया’ असे म्हणणाऱ्या बाईंना कुणी कमी लेखू नये.

आजची खूण पुसू नका. 21 मार्चला ती काठी 35 सेंटिमीटरची सावली देईल, एप्रिलच्या मध्यावर सुमारे 17 सेंटिमीटरची. मग सुटी लागेल. मेच्या मध्यावर सूर्य ठाण्याच्या अगदी डोक्यावर येतो. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मेचा तो दिवस ज्याचा त्याने आपल्या दारात गाठायचा. पलावाच्या गच्चीत किंवा देसाई गावातल्या अंगणात काठी धरून बसलेल्या मुलीला भर उन्हात काठीची सावली नाहीशी झालेली दिसेल. ती घड्याळ पाहील. त्यात बारा चौतीस झालेले असतील. फेब्रुवारीत बारा पन्नास होते, हे तिच्या वहीत लिहिलेले आहे. जूनमध्ये शाळा उघडली की ती वही घेऊन बाईंच्या टेबलापाशी येईल आणि विचारेल, सोळा मिनिटे कुठे गेली?