वयाची मेख : जुनी डिझेल फोर-बाय-फोर अमेरिकेच्या बंदरावर कशी उतरते?

केनियात परदेशातून वापरलेली मोटार आणायची असेल, तर ती आठ वर्षांहून जुनी असून चालत नाही. अमेरिकेत, तिथल्या मानकांनुसार न बनलेली मोटार सामान्य माणसाला आणायची असेल, तर ती किमान पंचवीस वर्षे जुनी असावी लागते. एका बंदरावर गाडी फार जुनी म्हणून परत जाते, दुसऱ्या बंदरावर पुरेशी जुनी नाही म्हणून. आणि कारण दोन्हीकडे लोकहिताचेच सांगितले जाते.

मित्रहो, आजचा थ्रेड या पंचवीस वर्षांच्या अटीवर आहे. ही अट म्हणजे सुरक्षिततेचा कायदा, असे आपल्यापैकी अनेक गाडीवेडे सहज बोलून जातात. माझे मत निराळे आहे. ती एका व्यापारी भांडणाची तडजोड आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती तशीच वाचली पाहिजे.

आधी ज्या गाड्यांसाठी एवढा खटाटोप होतो त्यांची ओळख. लँड रोव्हर ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिचा पहिला नमुना अमेरिकी जीपच्या सांगाड्यावर उभा केला होता. टोयोटाची लँड क्रूझर १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या धामधुमीत 'बीजे' या नावाने जन्मली, तीही जीपच्याच वळणावर. म्हणजे दोघींचे मूळ अमेरिकी. मात्र पुढे त्यांची जी डिझेल रूपे जगभर शेतात, खाणीत आणि वाळवंटात राबली, ती अमेरिकी दुकानांत आलीच नाहीत. १९८४ ची सत्तर मालिकेची लँड क्रूझर तिथे अधिकृतपणे विकली गेली नाही. ऐंशी मालिका आली ती केवळ पेट्रोलवर. डिफेंडर १९९३ ते १९९७ या काळात मोजक्या संख्येने आली, तीही पेट्रोलच्या व्ही-आठ इंजिनासह. एअरबॅगचे नियम कडक होताच तिने तिथून काढता पाय घेतला. अडीच लिटरचे, इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा फारसा आधार न घेणारे, खेड्यातल्या मिस्त्रीलाही उघडून दुरुस्त करता येईल असे टीडीआय डिझेल इंजिन अमेरिकी ग्राहकाला हवे असेल, तर ते समुद्रापलीकडूनच आणावे लागते.

आता भांडण. अमेरिकेने १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा केला आणि १९६८ पासून मानके लागू झाली. तरीही परदेशातून गाडी आणून, तिला स्थानिक गॅरेजात बंपर, दिवे, दारांतल्या मजबुतीच्या पट्ट्या बसवून नोंदवून घेण्याची वाट खुली होती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलर भलताच वधारला. जर्मनीतली मर्सिडीज तिथेच विकत घेऊन, जहाजावर घालून, दुरुस्त्या करूनही अमेरिकी विक्रेत्यापेक्षा स्वस्त पडू लागली. या 'करड्या बाजारा'तून १९८५ या एका वर्षात साठ हजारांहून अधिक गाड्या आल्या. अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बसू लागला, आणि त्यांनी, विशेषतः मर्सिडीज-बेंझच्या अमेरिकी शाखेने, वॉशिंग्टनमध्ये जोर लावला. १९८८ मध्ये नवा कायदा झाला आणि ३१ जानेवारी १९९० पासून अमलात आला. यापुढे अशा गाड्या केवळ नोंदणीकृत आयातदारानेच आणायच्या, त्याने हमी ठेवायची, पुरावे द्यायचे. खर्च इतका वाढला की सामान्य ग्राहक बाजूला झाला. सूट उरली ती पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना. ज्या गाडीमुळे कुठल्याच विक्रेत्याची नवी गाडी विकायची राहणार नाही, ती गाडी.

त्या काळातली काही गॅरेजे खरोखर वाईट काम करत होती, हे मान्यच करायला हवे. सुरक्षिततेचा मुद्दा पूर्ण बनावट नव्हता. पण उपाय कसा निघाला पाहा. एअरबॅग असलेली चोवीस वर्षांची गाडी आज बाहेर थांबते आणि एअरबॅग नसलेली, गंजलेली सव्वीस वर्षांची गाडी आत येते. सुरक्षितता हाच हेतू असता, तर गाडीची तपासणी केली असती. इथे तिची जन्मतारीख तपासली जाते.

धुराचीही तीच गत. अमेरिकी पर्यावरण खाते एकवीस वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाडीला उत्सर्जनाच्या अटींतून सूट देते. आता या गाड्या कुठून येतात ते पाहा. टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी १९९९ पासून डिझेलविरुद्ध मोहीम उघडली होती. काळ्या काजळीने भरलेली बाटली ते पत्रकारांसमोर हलवून दाखवत. जपानच्या संसदेने २००१ मध्ये प्रदूषणाचा कायदा कडक केला आणि टोकियो, नागोया, ओसाका यांच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांचे नूतनीकरण अशक्य होत गेले. गाड्या धडधाकट होत्या, पण शहरात त्यांना जागा उरली नाही. त्या जपानच्या ग्रामीण भागात गेल्या किंवा जहाजावर चढल्या. (दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिलेल्या आदेशानंतर त्या गाड्या इतर राज्यांत कशा पांगल्या, हे आठवत असेल.) टोकियोने ज्या धुरापायी गाडी हद्दपार केली, तोच धूर अमेरिकेत वयाच्या जोरावर माफ होतो.

शोधाशोधीची रीतही एखाद्या दप्तरखान्यात शोभावी अशी आहे. जपानी लिलावात प्रत्येक गाडीसोबत एक पत्रक असते. त्यावर गुणांक, आणि गाडीच्या आकृतीवर ओरखडा, पोचा, गंज यांच्या खुणा. अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीला 'आर' हे अक्षर लागते. हिमप्रदेशातली गाडी असेल तर खालून फोटो मागवावेत, कारण रस्त्यावरच्या मिठाने सांगाडा खाल्लेला असतो. वयाची गणना विक्रीच्या वर्षावरून होत नाही, प्रत्यक्ष उत्पादनाच्या महिन्यावरून होते. एक महिना आधी बंदरावर पोहोचलेली गाडी अडकते. जपानी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, वाहतूक सुरक्षा खात्याचा एक अर्ज, पर्यावरण खात्याचा दुसरा. शिवाय गाडीखाली परदेशी माती चिकटलेली चालत नाही, कारण त्या मातीतून पिकांचे रोग येतात. आयुष्यभर चिखलात लोळलेल्या गाडीची ही अंघोळ मोठी कडक असते.

सीमाशुल्काचा दरही एक जुनी कहाणी सांगतो. युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर वाढवला, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ पासून परदेशी मालवाहू छोट्या ट्रकांवर पंचवीस टक्के कर बसवला. कोंबडीचे भांडण कधीच मिटले, पण कर राहिला. त्यामुळे मागे उघडा हौदा असलेली लँड क्रूझर आणि आसने असलेली लँड क्रूझर यांचे शुल्क वेगळे.

या व्यवस्थेत माणसे कशी चिरडली जातात, हे २०१४ च्या जुलैमध्ये दिसले. अमेरिकी यंत्रणांनी निरनिराळ्या राज्यांतल्या मालकांच्या दारातून सुमारे चाळीस डिफेंडर उचलून नेल्या. नव्या गाड्यांना जुने क्रमांक लावल्याचा संशय होता. बहुतेक मालकांनी त्या रीतसर पैसे मोजून, कागद पाहून घेतल्या होत्या. ते न्यायालयात लढले आणि २०१५ मध्ये अनेकांना गाड्या परत मिळाल्या. त्याआधी, २०१३ मध्ये, एक डिफेंडर यंत्राखाली चिरडून त्याचे चित्रण सरकारनेच प्रसिद्ध केले होते.

काही विक्रेते लबाडी करत होते, यात शंका नाही. तरी प्रश्न उरतो : डिफेंडरचे इंजिन, दारे, प्रसंगी सांगाडासुद्धा बदलत राहतो, मग तिचे वय कशाचे मोजायचे? आपण जीर्णोद्धार झालेल्या मंदिरापुढे उभे राहून हाच वाद घालतो. फरक इतकाच की मंदिर कुणी जप्त करत नाही.

कॅनडाची अट पंधरा वर्षांची आहे. सिएटलहून तीन-चार तासांवर असलेल्या व्हँकुव्हरमध्ये तीच गाडी दहा वर्षे आधी फिरू लागते. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगमुळे तिथे अपघातांचा धोका वाढतो, असे तिथल्या विमा महामंडळाला आढळले होते. मुद्दा गंभीर आहे. पण स्टिअरिंग पंचवीस वर्षांनी आपोआप डावीकडे सरकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के आफ्रिकेत गेल्या. धूर गाळणारे भाग काढून विकलेल्या गाड्याही त्यांत होत्या. श्रीमंत देशात तीच गाडी वारसा ठरते, गरीब देशात भंगार. म्हणून माझा आग्रह असा की अमेरिकेत असो वा आफ्रिकेत, निकष गाडीच्या स्थितीचा हवा : ब्रेक, सांगाडा आणि धूर प्रत्यक्ष मोजून.

'भारतात आणता येईल का?' हा प्रश्न खाली येणारच, म्हणून आधीच सांगतो. सर्वसाधारण धोरणानुसार वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि अशा गाड्यांसाठी मुंबईचे बंदर नेमून दिलेले आहे. दुसऱ्या टोकाला जुन्या ऐतिहासिक गाड्यांना सवलत आहे. आधी ती १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरती होती, आणि २०२५ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांना मिळाली. थोडक्यात, १९९० ची डिझेल लँड क्रूझर हवी असेल, तर २०४० पर्यंत वाट पाहा.