व्यंगचित्र आणि तालुक्याचा वाचक

मराठी दैनिकांत व्यंगचित्र मुख्यतः तीन रूपांत येते. संपादकीय पानावर तीन-चार स्तंभ अडवणारे राजकीय चित्र हे पहिले. दुसरे पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, स्तंभभर रुंदीत बसवलेले छोटे चित्र. त्याला सगळेच पॉकेट कार्टून म्हणतात. तिसरी चित्रमालिका, म्हणजे रोज तीच पात्रे घेऊन येणाऱ्या तीन-चार चौकटी. तिघांना लागणारी वाचकाची तयारी वेगवेगळी. राजकीय चित्राला ओळखीचा चेहरा लागतो, कारण ज्याचे नाक मुळात किती लांब आहे हे ठाऊक नाही त्याचे वाढवलेले नाक पाहून कोणी हसत नाही. पॉकेट कार्टूनला कालची बातमी माहीत असलेला वाचक लागतो. मालिकेला यातले काहीच लागत नाही, फक्त रोजची सवय लागते. खान्देशातल्या एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी व्यंगचित्र कसे पोचले आणि कसे वाचले गेले, हे समजायला ही वाटणी उपयोगी पडते.

मराठीतली सुरुवात विलायती नमुन्यावरून झाली. लंडनचे ‘पंच’ १८४१ मध्ये निघाले आणि त्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात अनेक भाषांत ‘पंच’ नावाची पत्रे उभी राहिली. ठाण्याचे ‘हिंदुपंच’ हे त्यांतले मराठी. पण खेड्यापाड्यांतल्या घरात व्यंगचित्र नेले ते मासिकांनी. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. अवजारांच्या कारखान्याचे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि नांगराच्या गिऱ्हाइकाच्या हाती बुवाबाजी, रूढी, सोवळेओवळे यांवरची चित्रे पडू लागली. शंकररावांच्या व्यंगचित्रांच्या संग्रहाचे नाव ‘टाकांच्या फेकी’. रोजच्या राजकारणाशी या चित्रांचा संबंध बेताचाच होता. त्यामुळे अंक महिनाभर उशिरा हाती आला तरी विनोद शिळा होत नसे, आणि दूरच्या वाचकाच्या दृष्टीने हा फार मोठा गुण होता.

दैनिकाचे तसे नाही. त्यात छपाईची अडचण होती. खिळे जुळवून छापण्याच्या काळात चित्र छापायचे म्हणजे त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. रेषाचित्राचा ब्लॉक छायाचित्राच्या ब्लॉकपेक्षा सोपा आणि स्वस्त, हे खरे; पण तो करणारे कारागीर मोठ्या शहरांत. चित्र काढा, पाठवा, ब्लॉक येण्याची वाट पाहा, तोवर ज्या प्रकरणावर ते काढले ते प्रकरणच मिटलेले. मुंबई-पुण्याच्या दैनिकाला हे एका संध्याकाळी जमत असे, जिल्ह्याच्या साप्ताहिकाला नाही. खान्देशात नियतकालिकांची परंपरा मोठी आहे. कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ एकोणिसाव्या शतकात जळगावातून निघत होते. खुद्द एरंडोल हातकागदासाठी नावाजलेले होते आणि तिथल्या जाड देशी कागदाची नोंद इंपीरियल गॅझेटियरने केली आहे. म्हणजे कागद गावात होता, कवी जिल्ह्यात होते; रोजचे चित्र छापण्याची सोय मात्र नव्हती.

राजकीय चित्राचा बहर स्वातंत्र्यानंतरचा. मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण हे दोघेही काम करत. लक्ष्मण १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि १९५१ पासून त्यांचे रोजचे छोटे चित्र सुरू झाले. ‘महाराष्ट्र टाइम्स’मुळे ते मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि एक शब्द न बोलणे, हा त्यातला सामान्य माणूस. लक्ष्मण यांच्या चित्राखालच्या ओळींची तारीफ भरपूर होते. त्यांचा खरा ऐवज मात्र ओळीच्या वर आहे: मंत्र्याच्या टेबलाखाली कलंडलेल्या फायली, खड्ड्यात अर्धी बुडालेली मोटार, दाराआडून डोकावणारा शिपाई. स्तंभभर जागेत एवढी वस्ती मावते हे पाहायचे असेल तर ओळ झाकून चित्र पाहावे.

ठाकरे यांची रेषा वेगळी. डेव्हिड लो या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश व्यंगचित्रकाराला ते मानत आणि लोची ब्रशची जाड-बारीक, ठाम रेषा त्यांच्या कामात दिसते. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी भाऊ श्रीकांत ठाकरे यांच्यासह ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू केले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. मधल्या पानांवरची ‘रविवारची जत्रा’ हे त्याचे मुख्य आकर्षण. सहा वर्षांनी याच साप्ताहिकाच्या आधाराने शिवसेना उभी राहिली. व्यंगचित्राच्या अंकातून राजकीय पक्ष निघाल्याचे असे उदाहरण सहजासहजी सापडायचे नाही. पुढे पक्ष इतका मोठा झाला की त्या रेषेविषयी बोलताना माणसे पक्षाविषयीच बोलू लागली. चित्रकार ठाकरे यांचे नुकसान त्यांच्या विरोधकांपेक्षा त्यांच्या चाहत्यांनी जास्त केले आहे.

हे सारे मुंबईचे. खान्देशात मुंबईचे दैनिक रेल्वेने येई. पूर्व खान्देशातल्या लोहमार्गावरच्या अनेक गावांना ते सकाळी-दुपारी मिळून जाई. एरंडोल तर लोहमार्गावरही नाही, ते महामार्गावरचे गाव. कालच्या बातमीवरचे चित्र परवाचे होऊन हातात पडे. नाशिकच्या दैनिकांनी हे अंतर कमी केले, आणि १९७७ मध्ये ‘लोकमत’ची जळगाव आवृत्ती निघाल्यावर ताजा पेपर सकाळीच दारात येऊ लागला. ऑफसेट छपाई आली तसा ब्लॉकचा खटाटोपही संपला. आता एरंडोलचे, धरणगावचे, पारोळ्याचे व्यंगचित्र छापायला तांत्रिक अडचण उरली नव्हती.

तरीही ते फारसे आले नाही. जिल्हा आवृत्तीत व्यंगचित्र असते ते बहुधा मुख्यालयातून आलेले, मुंबईचे किंवा दिल्लीचे. केळीचा भाव, कापसाची खरेदी, अंजनी धरणातले पाणी, महामार्गाचे रखडलेले काम हे विषय स्थानिक पानावर बातमी म्हणून भरपूर येतात, चित्र म्हणून क्वचित. वाचक आमदाराला लग्नात, दशक्रियेला, बाजार समितीत पाहतो. आमदाराचे नाक-कान त्याला दिल्लीच्या मंत्र्यापेक्षा जास्त पाठ असतात. व्यंगचित्राला जी ओळख लागते ती इथे आयती आहे, आणि नेमके तेच चेहरे काढले जात नाहीत. कारण उघड आहे. वाढदिवसाची पानभर जाहिरात ज्याची, त्याचे पोट दीड इंच वाढवून काढण्याची हिंमत छोट्या पत्राला परवडत नाही. शिवाय पगारी व्यंगचित्रकार ठेवणे मोठ्या पत्रांनीही कमी केले आहे.

स्थानिक पुढाऱ्याची थट्टा करण्याचे काम खान्देशात दुसरीकडे होते. तमाशातली बतावणी आणि सोंगाड्याचा हजरजबाबीपणा गावच्या पुढाऱ्याला सोडत नाही. चहाच्या टपरीवर अहिराणीत निघणारी नक्कल तर रोजचीच. चौकात पेपर एक जण वाचतो, चार जण ऐकतात आणि व्यंगचित्राची ओळ तिथल्या तिथे अहिराणीत उतरते. विनोद पोचतो, चित्र मात्र वाचणाऱ्याच्या हातातच राहते. व्यंगचित्र पाहण्याऐवजी सांगितले जाण्याची ही सवय शहरातही आहे, पण टपरीवर ती उघडी दिसते.

चित्रमालिकेला ओळखीच्या चेहऱ्याचा किंवा ताज्या बातमीचा त्रास नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. चिंटू, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशी काकू या मंडळींना मंत्रिमंडळाशी काही देणेघेणे नाही. परीक्षा, क्रिकेट, शेजाऱ्याच्या खिडकीची काच एवढ्यावर मालिका वर्षानुवर्षे चालली, तिची पुस्तके निघाली आणि २०१२ मध्ये चित्रपटही आला. सोसायटीतला चिंटू वाड्यातल्या किंवा मळ्यातल्या मुलालाही परका वाटत नाही. मात्र एक गोष्ट खरी: त्याचे मराठी पुण्याचे आहे, आणि त्याच्या तोडीची खान्देशी पोरांची दैनिक मालिका अजून कोणी मराठी वाचकांसमोर ठेवल्याचे दिसत नाही. अहिराणीतला तिरकस हजरजबाबीपणा तीन चौकटींत बसायला मुळीच अवघड नाही.

व्यंगचित्राविषयीचे जाहीर बोलणे बहुतेक वेळा भांडण झाल्यावर सुरू होते. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या, व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ सालच्या चित्रावरून वाद पेटला. राज्यघटनेचे काम संथ चालल्याचे त्यात दाखवले होते आणि त्यात डॉ. आंबेडकर होते, चाबूकही होता. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. २०१६ मध्ये मराठा समाजाच्या मूक मोर्चांवर शिवसेनेच्या ‘सामना’त आलेल्या चित्राबद्दल उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली. दोन्ही वेळी चित्राचा अर्थ काय यापेक्षा ते कोणाला लागले याचीच चर्चा अधिक झाली. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांची तक्रार खोटी होती असे नाही. पण चाबूक कोणाच्या हातात आहे, कोण कोणाकडे पाहत आहे, आकृती लहान-मोठ्या का आहेत, असे साधे प्रश्न फार थोड्यांनी विचारले.

हे प्रश्न विचारणारी माणसे मराठीत झाली आहेत, मोजकी पण उत्तम. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे व्यवसायाने अभियंते. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे आणि ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठे सर्वांना माहीत आहेत. चित्रकलेवर आणि व्यंगकलेवर त्यांनी गंभीरपणे लिहिले हे कमी जणांना. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांनी देशोदेशीची व्यंगचित्रे जमवली आणि एकेका चित्रासमोर थांबून ते काय करते हे लेखांतून उलगडले. महानगरापासून दूर राहूनही चित्राचा जाणता वाचक होता येते, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

शि. द. फडणीस यांनी तर ओळच काढून टाकली. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ मध्ये जन्मलेल्या फडणीसांचे एका मासिकाचे मुखपृष्ठ गाजले: एकाच्या अंगावरच्या कापडावर मांजरांची नक्षी, शेजारणीच्या अंगावरच्या कापडावर उंदरांची. शब्द एकही नाही. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही चित्रे काढली, त्यामुळे मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांनी हे नाव कळण्याआधीच त्यांची रेषा पाहिली. असे चित्र टपरीवर वाचून दाखवता येत नाही. पेपर शेजाऱ्याच्या हातात द्यावाच लागतो.

आता चित्र फोनवर येते. पेपर घेणारा नसला तरी पाहणारा वाढला आहे, आणि तालुक्याच्या गावी ते मुंबईइतक्याच वेळात पोचते. नवे दुखणे असे की पुढे ढकलताना चित्राच्या कडा कापल्या जातात आणि सही, वर्तमानपत्राचे नाव व तारीख तेवढी गळते. मग एका निवडणुकीतले चित्र दुसऱ्या निवडणुकीत फिरते, लक्ष्मण यांच्या नावावर भलत्याचीच रेषा खपते. जुन्या वाचनालयात किंवा घरी कात्रणांची वही असेल तर तिच्यातही बहुधा चित्र चिकटवलेले असते, तारीख नसते. जमवणाऱ्याने चित्राशेजारी पत्राचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि आदल्या दिवशीच्या बातमीची एक ओळ लिहून ठेवली, तर वीस वर्षांनी तेच चित्र पुन्हा वाचता येते.