कोंबडीलाही सुट्टी हवी



आमच्या घरी सहा गावरान कोंबड्या आहेत. अंडी विकून पैसे येतात, त्यातून माझ्या वह्या येतात. पण थंडी सुरू झाली आणि अंडी कमी झाली. कवडी कोंबडीने तर अंडी देणे बंदच केले. तिची पिसे गळाली, मान उघडी पडली. बाबा म्हणाले, "ही आता फुकट खाते. येत्या बाजारी विकून टाकू." दादा म्हणाला, "विकू नका. पोल्ट्रीवाले लावतात तसा खुराड्यात बल्ब लावू." आजी म्हणाली, "रात्रीचं तरी झोपू द्या की रे तिला!"

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "आधी दिनदर्शिका बघ." मी सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा वहीत लिहून काढल्या. २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि २२ डिसेंबरचा जेमतेम ११ तासांचा निघाला. गुरुजींनी सांगितले की, उजेड कोंबडीच्या डोळ्यांतून आणि डोक्याच्या पातळ हाडातूनही मेंदूला कळतो. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. म्हणून पोल्ट्रीत दिवा लावून १४ ते १६ तास उजेड करतात.

म्हणजे कवडी आळशी नाही. दिवसच लहान झालाय!

मग बल्ब लावावा का? मी हिशेब केला. ९ वॅटचा बल्ब रोज ३ तास लावला तर ३० दिवसांत ८१० होतात. १००० झाले की एक युनिट. म्हणजे खर्च फार नाही. तरी माझे मत आहे की आपण लावू नये.

पहिले कारण असे की, पिसे गळल्यावर नवीन पिसे यायला अंगात ताकद लागते. अंड्यालाही ताकद लागते. आमच्या कोंबड्या उकिरड्यावर टोचून खातात. त्यांना पोल्ट्रीसारखे खाद्य कुठे मिळते? दोन्ही कामे एकदम कशी होणार?

दुसरे कारण लाईटचे. संध्याकाळी अचानक लाईट गेली तर कोंबडीला अंधारात दिसत नाही. ती दांडीवर चढू शकत नाही, खालीच राहते. मग मांजराचे फावते.

ज्यांना लावायचाच असेल त्यांनी पहाटे लावावा, म्हणजे पुढे आपोआप उजाडते. रोज एकाच वेळी लावावा. रात्रभर मुळीच लावू नये. वायर उघडी ठेवू नये आणि खाद्य वाढवावे.

कोणी म्हणेल, मग तुझ्या वह्यांचे काय? मी जुन्या वह्यांची कोरी पाने काढली आणि आजीने दाभणाने शिवून दिली. दोन वह्या झाल्या. आम्हाला दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी मिळते. कवडीने वर्षभर अंडी दिली, तिला थोडे दिवस नकोत का?

मी बाबांना माझी वही दाखवली. ते पुष्कळ वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बरं, संक्रांत होऊ दे. मग बघू."

आजी म्हणते, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. दिनदर्शिकेत तर तो २२ डिसेंबरनंतरच वाढू लागतो. कवडी कधी अंडे देईल हे मला सांगता येत नाही. पण तिच्या मानेवर बारीक नवी पिसे आली आहेत, ती मी रोज बघते.

पालकांनो, थंडीत कोंबडी विकण्याआधी एकदा दिनदर्शिका जरूर बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी