भिंत आमची, चौकट कुणाची?



गावाला कूस असते. कूस म्हणजे भिंत. आत ते, बाहेर आपण. 1338 साली मंगळवेढ्याची अशीच कूस बांधताना ती ढासळली आणि चोखामेळा तिच्याखाली गाडला गेला. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नव्हती, ती बांधतानाच मेला. म्हणून कुणी शहाणा मला सांगायला लागला की भिंतीवरची चित्रं ही न्यूयॉर्कची फॅशन आहे, तर मी म्हणतो, बाबा रे, भिंतीचा आणि आमचा हिशेब लई जुना आहे.

आपल्याजवळ छापखाना नव्हता. पेपरवाले आपल्या बातमीला चार ओळी देत नव्हते. भिंत मात्र फुकट होती. गेरूचा डबा, काडीला गुंडाळलेली चिंधी आणि रात्र, एवढ्या भांडवलावर आपली माणसं लिहीत आली. जुलै 1978 मध्ये विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षं मराठवाड्यातल्या भिंती हेच आपलं दैनिक होतं. कुणी चुना फासला तर दुसऱ्या रात्री दुसरी आवृत्ती.

त्याच हातांनी पुढं पेंटरकी धरली. जयंतीचा बोर्ड, पंक्चरवाल्याची पाटी, मोर्चाची घोषणा, सगळं एकाच ब्रशातून निघायचं. मग फ्लेक्स आला. मशीन तासाभरात वीस फुटी बाबासाहेब छापून द्यायला लागलं आणि जिंतूर-सेलूपासून गंगाखेडपर्यंत पेंटरांचे हात रिकामे झाले. कुणी घरं रंगवायला गेला, कुणी ऊसतोडीला, कुणी माझ्यासारखा देवगिरी एक्स्प्रेस धरून मुंबईला, गोदीत ओझी उचलायला.

आता भिंतीला पुन्हा भाव आलाय. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘स्टार्ट इंडिया’ नावाच्या संस्थेनं मुंबईच्या ससून डॉकवर मोठं कलाप्रदर्शन मांडलं. 1875 ची ती गोदी, मासळीच्या वासानं कोंदलेली. तिथल्या भिंतींवर कोळणींचे चेहरे भिंतभर मोठे झाले. मला ते आवडतं. आमच्यासारख्यांचा चेहरा मान वर करून बघावा लागतो, हे काय कमी आहे? पण मी हमाल आहे, मोजणी माझ्या अंगात मुरलेली. चेहरा वीस पटीनं वाढला, तसा पाटीमागं मजुरीचा दर किती वाढला? ज्या गॅलरीवाल्यानं फोटो काढले त्यानं हा प्रश्न विचारला का?

आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, गॅलरीत गेला तो विकला गेला. हे मला पटत नाही. पोट भरलेल्यानं भुकेल्याला शुद्धता शिकवू नये. 1972 साली ‘गोलपिठा’ छापून आला, तेव्हा रस्ता कागदावर गेला म्हणून बाटला नाही, उलट कागदालाच घाम फुटला. आपलं पोर जहांगीर आर्ट गॅलरीत गेलं तर मी हमाली बुडवून बघायला जाईन. सवाल जाण्याचा नाही. कुणाच्या अटीवर जायचं, हा आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. 15 सप्टेंबर 1983 ला मायकेल स्ट्युअर्ट नावाच्या 25 वर्षांच्या काळ्या पोराला भुयारी स्टेशनच्या भिंतीवर लिहितो म्हणून पोलिसांनी धरलं. शुद्ध नसलेल्या अवस्थेत तो दवाखान्यात पोचला आणि 28 तारखेला मेला. खटला चाललेले सहाही पोलीस 1985 मध्ये सुटले. बास्किआ हा त्याच्याच वयाच्या आसपासचा काळा चित्रकार, रस्त्यावरच्या भिंतींवर लिहीतच वर आलेला. त्यानं कीथ हेरिंगच्या स्टुडिओतल्या भिंतीवर ते मरण रंगवलं: दोन पोलीस, उगारलेले दंडुके, मध्ये एक काळी सावली. हेरिंगनं भिंतीचा तेवढा तुकडा कापून घेऊन चौकटीत बसवला. 2019 मध्ये तो न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये मांडला गेला. बास्किआ स्वतः 1988 मध्ये 27 व्या वर्षी गेला, आणि 2017 मध्ये त्याचं दुसरं एक चित्र 11 कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं.

त्या भिंतीच्या तुकड्याचं नाव आहे ‘डिफेसमेंट’. म्हणजे विद्रूपण. हाच शब्द महाराष्ट्राच्या 1995 च्या कायद्यातही आहे. भिंत विद्रूप केली तर कैद होऊ शकते.

मग मला परभणीचं सांगा. 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. वडार समाजातला, कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. विद्रूपण नेमकं कशाला म्हणायचं? चुन्याच्या भिंतीवरल्या दोन ओळींना?

हे चित्र कधीतरी आपलंच पोर काढील. कदाचित ते चौकटीत बसून काचेमागं लागेल. लागू द्या. पण आधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, नाव. हनीफ कुरेशी हा 2024 मध्ये गेलेला कलावंत. त्यानं रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे कॉम्प्युटर फाँट करवले आणि फाँटला त्या पेंटरांचीच नावं दिली. असं करता येतं. तेव्हा ‘अनामिक लोककलावंत’ म्हणून कुणी बोळवण करायला आला तर ब्रश खाली ठेवा.

दुसरी, हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उखडलं. ते कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, अवशेष परत आणि पाच लाख भरपाई. आधार होता 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57. चित्र विकलं तरी चित्रकाराचा त्यावरला काही हक्क विकला जात नाही, असं ते कलम सांगतं. बाबासाहेबांची लेकरं आपण, कलम पाठ नसेल तर कोण ऐकणार? करार कागदावर घ्या, वाचून सही करा, समजलं नाही तर आपल्या वकिलाकडं जा.

तिसरी, वस्ती. जहांगीरमध्ये जे लावाल ते आधी वस्तीतल्या भिंतीवर लावा. पेढ्याचा पहिला तुकडा आईच्या हातावर ठेवतात तसं. तिथं माझी माय बघील, बिगारी बघील, शाळेतनं पळालेलं पोर बघील. त्यांना ते कळलं नाही तर गॅलरीतल्या टाळ्यांना काही अर्थ नाही.

या अंकापासून शेवटचं पान आम्ही भिंतीवाल्यांसाठी मोकळं ठेवतोय. परभणी, पूर्णा, पाथरी, मानवत, सोनपेठ, जिथं कुणी लिहीत असेल, रंगवत असेल, त्यानं फोटो पाठवावा, स्वतःच्या नावानिशी. नाव मोठ्या अक्षरात छापू. मानधन देण्याइतकी ऐपत आज नाही, ते आधीच सांगतो. पण चित्र तुमचंच राहील.

जयभीम.